अल्बीची भिंत नेमकी कोणाविरुद्ध?

१/
दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूझपासून साधारण पाऊणशे किलोमीटरवर, तार्न नदीच्या काठी अल्बी नावाचे एक जुने नगर आहे. त्याच्या मध्यभागी लाल विटांचे एक प्रचंड कॅथीड्रल उभे आहे. लांबी ११३ मीटर, रुंदी ३५ मीटर, मनोऱ्याची उंची ७८ मीटर. प्रथमच त्याचे छायाचित्र पाहणाऱ्यास हे देवाचे घर आहे असे वाटतच नाही. खिडक्या म्हणजे उभ्या चिरा, भिंती सरळसोट वर गेलेल्या, कोपऱ्यांवर बुरूज. किल्लाच म्हणा ना.

२/
असे का, या प्रश्नाचे ठरावीक उत्तर प्रवासी पुस्तकांत सापडते : कॅथार पाखंड्यांवर वचक बसवण्यासाठी. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पायाचा दगड बसला १२८२ साली. कॅथारांविरुद्धचे युद्ध संपून तेव्हा अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. मग एवढी भिंत कोणाविरुद्ध? आजच्या धाग्यात या नगराच्या जुन्या वस्तीतून फिरत फिरत हाच प्रश्न सोडवून पाहू. धागा लांब आहे, सावकाश वाचा.

३/
सुरुवात पुलापासून करू. अल्बीचा 'जुना पूल' अकराव्या शतकातला, १०४० च्या आसपासचा. आपल्याकडे तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, म्हणजे ज्ञानेश्वरी अजून अडीचशे वर्षे दूर होती. मूळ दगडी पुलावर पुढे विटांचे आवरण चढले. मध्ययुगात त्यावर घरे होती, माणसे पुलावरच संसार करीत. १७६६ च्या महापुरानंतर ती घरे गेली. पूल राहिला आणि आजही वापरात आहे.

४/
या पुलानेच नगर घडवले. नदी ओलांडण्याची खात्रीची जागा म्हटली की तिथे व्यापारी येतो, मुक्काम होतो, जकात बसते, बाजार भरतो. अल्बीत धनिक नागरिकांचा जो वर्ग पुढे उभा राहिला आणि ज्याचे बिशपशी वाकडे आले, त्याचे मूळ या कमानींत शोधावे लागते.

५/
नदीने दुसरी गोष्ट दिली ती चिकणमाती. इथली वीट आपल्या विटेहून लांबरुंद आणि बरीच चपटी. घरे, बिशपचा वाडा, कॅथीड्रल, बागांच्या भिंती, सारे याच विटेचे. त्यामुळे सबंध वस्तीला एकच वर्ण आहे, सकाळी फिकट गुलाबी आणि सायंकाळी तांबडाभडक. राजवाडा आणि झोपडी एकाच मातीची असावी हे दृश्य फार ठिकाणी दिसत नाही.

६/
आता नावाकडे. 'अल्बिजन्सियन धर्मयुद्ध' हा शब्द आपण विश्व-इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला असतो. तो याच गावाच्या नावावरून आला. ११६५ साली अल्बीजवळच्या लोंबेर या गावी कॅथलिक बिशप आणि 'भली माणसे' म्हणवणारे धर्मोपदेशक यांच्यात जाहीर वाद झाला. तेव्हापासून या प्रदेशाचे नाव पाखंडाशी जोडले गेले ते गेलेच. वास्तविक तुलूझ, कार्कासोन यांच्या आसपासच्या खेड्यांत या मंडळींचा प्रभाव अल्बीपेक्षा कमी नव्हता. बदनामी मात्र अल्बीच्या वाट्याला आली.

७/
ही 'भली माणसे' कोण? शपथ घेऊ नये, मांस खाऊ नये, स्त्रीसंग करू नये, दृश्य जग हे सत् देवाची निर्मिती नव्हे, अशा काही धारणांचे विरक्त स्त्री-पुरुष. रोमच्या पुरोहितांचे संस्कार त्यांना अमान्य होते. हात मस्तकी ठेवून दिला जाणारा एकच संस्कार ते मानीत. तो बहुतेक अनुयायी मरणशय्येवर घेत, कारण एकदा घेतला की उरलेले आयुष्य कठोर व्रतात काढावे लागे.

८/
येथे एक सावधगिरी. ते स्वतःला 'कॅथार' म्हणत नसत. हे नाव त्यांच्या विरोधकांचे, आणि ते रूढ झाले ते मुख्यतः आधुनिक लेखकांमुळे. गेल्या तीसेक वर्षांत मार्क पेग, आर. आय. मूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ प्रश्नच विचारला : संघटित, स्वतंत्र धर्मपीठ असलेला 'कॅथार पंथ' खरोखर होता, की खेड्यापाड्यांतील सैलसर धर्माचाराला चौकशी करणाऱ्यांनीच पंथाचे रूप दिले? दुसऱ्या बाजूचे अभ्यासक तितक्याच ठामपणे पंथाचे अस्तित्व मांडतात. वाद मिटलेला नाही. मला पेग यांचा टोकाचा पक्ष पूर्ण पटत नाही, पण त्यांचा प्रश्न एकदा वाचला की जुनी पुस्तके पूर्वीसारखी वाचता येत नाहीत.

९/
युद्धाची हकीकत थोडक्यात. जानेवारी १२०८ मध्ये पोपचा दूत पिएर द कास्तेल्नो मारला गेला. पोप इनोसंट तिसरा याने ख्रिस्ती राजाच्या प्रजेविरुद्ध, ख्रिस्ती भूमीत, धर्मयुद्ध पुकारले. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली. कोण पाखंडी आणि कोण श्रद्धावंत, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. (त्या वेळी पोपच्या प्रतिनिधीने काढल्याचे सांगितले जाणारे ते प्रसिद्ध क्रूर वाक्य एका जर्मन संन्याशाने काही वर्षांनंतर लिहिले. ते तो खरोखर बोलला असे सिद्ध झालेले नाही. परीक्षेत लिहिताना जपून.)

१०/
आणि अल्बी? ज्या गावाचे नाव युद्धाला मिळाले, त्या गावाने त्याच वर्षी सीमों द मोंफोरसाठी दरवाजे उघडले. वेढा नाही, कत्तल नाही. अल्बिजन्सियन युद्धात अल्बीतच लढाई झाली नाही, ही गंमत शिक्षकांनी वर्गात सांगायला हरकत नाही. स्थानिक सरदारघराणे त्राँकाव्हेल या युद्धात बुडाले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बिशप बसला. आता तो केवळ धर्मगुरू नव्हता, नगराचा धनीही होता. पुढची सारी कथा या एका बदलातून निघते.

११/
१२२९ च्या तहाने युद्ध संपले. १२३३ पासून पोप ग्रेगरी नववा याने पाखंडाच्या चौकशीचे काम डोमिनिकन संन्याशांकडे सोपवले. हेच इन्क्विझिशन. मराठी वाचकाला हा शब्द गोव्यामुळे परिचित आहे, म्हणून फरक सांगून ठेवतो. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० चे, पोर्तुगीज राजसत्तेच्या छत्राखालचे, स्थायी कचेरी असलेले. अल्बीचे त्याच्या सव्वातीनशे वर्षे आधीचे, पोपने नेमलेल्या फिरत्या चौकशी अधिकाऱ्यांचे. कुळ एक, संस्था दोन.

१२/
१२३४ साली अल्बीत काय घडले ते ऐका. आर्नो कातालां नावाच्या चौकशी अधिकाऱ्याने एका मृत स्त्रीला पाखंडी ठरवले. शिक्षा अशी, की प्रेत उकरून जाळायचे. स्थानिक अंमलदार कचरले, तेव्हा हा गृहस्थ स्वतः स्मशानात गेला आणि कुदळ हाती घेतली. लोक जमले. त्यांनी त्याला चोपले, फरफटत नेले आणि तार्नमध्ये ढकलायला निघाले. काही जणांनी सोडवले म्हणून तो वाचला. रागाच्या भरात त्याने अख्ख्या गावाला बहिष्कृत केले.

१३/
हा जमाव पाखंड्यांचा होता का? मुळीच नाही. आपल्या शेजारणीचे प्रेत उकरू देणार नाही म्हणणारी ती साधी कॅथलिक माणसेही असतील. एका डोमिनिकनानेच लिहून ठेवल्यामुळे हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला. म्हणजे मार खाल्लेल्या पक्षाची ही साक्ष आहे, हे ध्यानात ठेवावे.

१४/
पुलावरून चढणीच्या अरुंद गल्ल्यांनी वर आलो की आधी लागते ते सँ-साल्वी. सहाव्या शतकातील बिशप साल्वी याच्या समाधीवर उभे राहिलेले हे मंदिर कॅथीड्रलहून जुने. खालचा भाग पांढरट दगडाचा, वरचा विटांचा. पैसा कधी संपला आणि फॅशन कधी बदलली, हे भिंतीवरच वाचता येते. आत घरांनी वेढलेले एक शांत चौकदालन आहे. मुख्य गर्दी कॅथीड्रलकडे पळते, इथे फार कोणी थांबत नाही.

१५/
आता कथेचा मुख्य पुरुष. बेर्नार द कास्ताने, १२७६ ते १३०८ या काळातला अल्बीचा बिशप. मूळचा कायदेपंडित, रोमच्या पोप-दरबारात मुरलेला. १२८२ च्या १५ ऑगस्टला त्याने नव्या कॅथीड्रलचा पाया घातला. संत सेसिलियाच्या नावाचे हे मंदिर वाहतुकीने सोप्या, स्वस्त आणि स्थानिक विटेत बांधायचे ठरले. सामान्य गृहस्थांच्या हाती गेलेला दशमांश कर त्याने पुन्हा धर्मपीठाकडे वळवला, बांधकामासाठी उत्पन्नाचा भाग बाजूला काढला.

१६/
उत्तर फ्रान्समध्ये तेव्हा काय चालले होते ते आठवा : दगडाची जाळी, रंगीत काचांच्या भिंती, बाहेरून आधार देणाऱ्या उडत्या कमानी. अल्बीत त्यातले काही नाही. आधाराचे खांब भिंतीच्या आत घेतलेले, बाहेर फक्त अर्धगोल फुगवटे दिसतात. मध्ये खांबांचे अडथळे नसलेला एकच विशाल दिवाणखाना, सुमारे १९ मीटर रुंद. कारण इथे मुख्य कार्य प्रवचनाचे. बोलणारा सर्वांना दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. त्यामुळे 'किल्ला' हे वर्णन बांधकामशास्त्राच्या अंगाने अर्धेच खरे. खिडक्या चिरेएवढ्या, याचे एक कारण विटेची भिंत पोखरणे परवडत नव्हते हेही आहे.

१७/
पण कास्तानेचा शेजारचा वाडा पाहिला की शंका फिटते. त्याचे नाव बेर्बी. स्थानिक ऑक्सितान भाषेत बिशपला 'बिस्बे' म्हणत, त्यावरूनच हे नाव आले. आधीच्या बिशपांनी सुरू केलेला हा वाडा कास्तानेने तटबंदी, बुरूज आणि तुरुंगासह पक्का केला. प्रवचनासाठी बुरूज लागत नाहीत. बुरूज लागतात ते गावातल्या माणसांची भीती असलेल्या धन्याला.

१८/
आणि भीतीला कारण होते. अल्बीच्या नागरिकांचे निवडलेले कारभारी असत, त्यांना कौन्सल म्हणत. न्यायदान कोणाचे, दंड कोणाच्या तिजोरीत, नगराच्या वेशीच्या किल्ल्या कोणाकडे, यावर त्यांचे आणि बिशपचे सतत खटके उडत. काही जण बिशपविरुद्ध थेट फ्रान्सच्या राजाकडे दाद मागत. राजाच्या अधिकाऱ्यांनाही बिशपची सत्ता खुपत होतीच.

१९/
१२९९ ते १३०० च्या हिवाळ्यात कास्ताने आणि चौकशी अधिकारी निकोला दाब्व्हील यांनी तीसहून अधिक माणसांना पाखंडाच्या आरोपाखाली पकडले. त्यांतले पंचवीस अल्बीचे. यादी वाचली की धक्का बसतो : वकील, व्यापारी, माजी कौन्सल. म्हणजे नेमके ते लोक, ज्यांनी बिशपशी भांडण मांडले होते. यातना दिल्या गेल्या, कबुल्या मिळाल्या, बहुतेकांना कार्कासोनच्या तुरुंगात जन्मठेप झाली. त्यांची मालमत्ता जप्त झाली. अल्बीत अशा जप्तीत बिशपचाही वाटा असे.

२०/
या खटल्यांची नोंदवही उपलब्ध आहे, विसाव्या शतकात ती छापली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी अशी साधने म्हणजे पर्वणी आणि सापळा दोन्ही. आरोपी बोलला ऑक्सितानमध्ये, लेखनिकाने उतरवले लॅटिनमध्ये. प्रश्न ठरावीक, म्हणून उत्तरेही ठरावीक. अमुक वर्षी अमुक घरी दोन 'भली माणसे' पाहिली, गुडघे टेकून नमस्कार केला, आजाऱ्याला संस्कार देताना हजर होतो. साक्षीमागून साक्षी एकाच साच्याच्या. साचा आरोपींच्या आचाराचा की प्रश्नपत्रिकेचा, हे नोंदवही सांगत नाही.

२१/
मग ते खरोखर पाखंडी होते का? अल्बीच्या इतिहासाचे ज्येष्ठ अभ्यासक जाँ-लुई बिजे यांनी या खटल्यांमागच्या नगरांतर्गत सत्तासंघर्षाकडे सातत्याने लक्ष वेधले आहे. माझा कल असा : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जुन्या श्रीमंत घराण्यांत 'भल्या माणसां'विषयी आदर टिकून होता, आणि बिशपला तो आदर अगदी सोयीच्या वेळी सापडला. आरोप खोटा नसला म्हणजे खटला प्रामाणिक असतोच असे नाही.

२२/
येथे बेर्नार देलिस्यो हा फ्रान्सिस्कन संन्यासी कथेत येतो. कैद्यांच्या बाजूने तो उघड उभा राहिला. कार्कासोन आणि अल्बीत भाषणे केली, पैसे जमवले, राजापुढे गाऱ्हाणे मांडले. या चौकशीपुढे प्रत्यक्ष संत पीटर आणि संत पॉल उभे केले तरी त्यांना स्वतःला निर्दोष सिद्ध करता येणार नाही, अशा आशयाचे त्याचे विधान त्याच्यावरील खटल्यातून आपल्याला कळते. सातशे वर्षांपूर्वी न्यायप्रक्रियेवर इतके नेमके बोट कोणी ठेवले असेल, असे मला वाटले नव्हते.

२३/
१३०२ च्या आरंभी कास्ताने अल्बीत परतला तेव्हा संतप्त जमावाने त्याला वेशीवरच गाठले. पुढच्या वर्षी कार्कासोनमध्ये लोकांनी तुरुंगावर चालून जाऊन अल्बीच्या कैद्यांना तिथून हलवायला लावले. १३०३ अखेर राजा फिलिप चौथा स्वतः तुलूझला आला. त्याने ऐकून घेतले, पण चौकशी बंद केली नाही. राजाने हात आखडता घेतल्यावर देलिस्योने मायोर्काच्या राजपुत्राशी संधान बांधले. कट फसला. १३०५ मध्ये कार्कासोनचे कौन्सल फासावर गेले.

२४/
१३०६ साली पोप क्लेमेंट पाचवा याच्या आज्ञेने कार्डिनलांनी कार्कासोन आणि अल्बी येथील तुरुंगांची पाहणी केली. काळोख, अरुंद कोठड्या, वर्षानुवर्षे बेड्यांत असलेले कैदी. त्यांनी सुधारणेचे आदेश दिले. म्हणजे हा अतिरेक आहे, ही जाणीव त्या काळातल्या धर्मपीठालाही झाली होती. 'तेव्हा सगळे असेच होते' असे म्हणून आपण जेव्हा मोकळे होतो, तेव्हा हे कार्डिनल आठवावेत.

२५/
शेवट कसा झाला? कास्तानेविरुद्ध तक्रारींची चौकशी झाली, तो सुटला, पण १३०८ मध्ये त्याची बदली ल प्वी येथे झाली. पुढे कार्डिनलपद मिळाले. १३१७ मध्ये तो सन्मानाने वारला. देलिस्योवर १३१९ मध्ये खटला भरला. न्यायाधीशांपैकी एक जाक फूर्निए, जो पुढे पोप बेनेडिक्ट बारावा झाला. देलिस्योचाही छळ झाला, जन्मठेप झाली आणि थोड्याच काळात तो कैदेत मेला.

२६/
आता प्रश्नाकडे परत. पाया रचला तेव्हा 'भल्या माणसां'चा जोर ओसरलेला होता. त्यांना अडवायला भिंत नको होती, त्यांच्यासाठी नोंदवही पुरेशी होती. भिंतीसमोर रोज जी माणसे वावरत होती ती होती अल्बीचे कौन्सल, वकील, व्यापारी, आणि त्यांच्या पाठीशी कधी असणारे कधी नसणारे राजाचे अंमलदार. गाव कोणाचे, याचे उत्तर बिशपने विटांत लिहिले. पाखंडावर विजय हा त्या उत्तराचा मथळा. आतला मजकूर वेगळा होता. आणि हो, आज दिसणारी उंची, वरच्या कडेचा लढाऊ थाट यांत एकोणिसाव्या शतकातील वास्तुविशारद सेझार दाली याचाही हात आहे. त्याच्या जीर्णोद्धाराने किल्ला जरा अधिकच किल्ला झाला.

२७/
बाहेर एवढी कठोर असलेली ही वास्तू आत गेल्यावर पार पालटते. बांधकाम रेंगाळत १४८० मध्ये लुई दांब्वाझ या बिशपने तिची प्रतिष्ठा केली. त्याच्या काळात पांढऱ्या दगडाचा, लेससारखा कोरलेला पडदा गर्भागाराभोवती उभा राहिला. त्यावर रंगवलेल्या पुतळ्यांची रांग आहे. छतावर १५०९ ते १५१२ या काळात बोलोन्याहून आलेल्या इटालियन चित्रकारांनी निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी वेलबुट्टी काढली. आणि पश्चिमेच्या भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरचे 'अंतिम न्याया'चे भव्य चित्र आहे.

२८/
या चित्रात कबरीतून उठलेली नग्न माणसे छातीवर उघडे पुस्तक घेऊन उभी आहेत. ज्याच्या त्याच्या कृत्यांचा हिशेब. खाली सात महापापांच्या शिक्षा : गर्विष्ठ चक्रांना बांधलेले, लोभी उकळत्या कढयांत. नोंदवहीवर ज्या गावातील माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली, त्या गावाच्या मंदिरात न्यायाची खूण म्हणून पुस्तकच यावे, हा योगायोग असेल. मला तरी ते पुस्तक आधी नजरेत भरते.

२९/
१६९३ मध्ये एका बिशपला मनोऱ्याच्या तळाशी नवे उपासनागृह हवे होते. त्यासाठी या चित्राच्या ऐन मध्यात भिंत फोडून कमान काढली. न्यायनिवाडा करणारा ख्रिस्त त्यात गेला, आणि सात पापांपैकी आळसाची चौकटही गेली. तेव्हापासून अल्बीत अंतिम न्याय आहे, पण न्यायाधीश नाही. आळशी मंडळी सुटली ती कायमची.

३०/
एवढ्या थाटाला पैसा कुठून आला? एका पिवळ्या फुलाच्या रोपट्यातून. त्याला फ्रेंचमध्ये 'पास्तेल' म्हणतात. पाने गिरणीत चेचायची, लगद्याचे मुठीएवढे गोळे करून वाळवायचे, पुन्हा फोडून पाणी शिंपडून महिनोन्‌महिने आंबवायचे, मग निळा रंग देणारी भुकटी तयार. या गोळ्यांचे नाव 'कोकान्य'. अल्बी, तुलूझ, कार्कासोन हा त्रिकोण त्यावर इतका सुबत्त झाला की 'कोकान्यचा देश' म्हणजे खाण्यापिण्याची ददात नसलेला मुलूख, असा वाक्प्रचारच त्याच्याशी जोडला गेला. रंगखडूंना आपण पेस्टल म्हणतो, त्याचेही मूळ 'पीठ मळलेला गोळा' या अर्थाच्या त्याच लॅटिन शब्दात आहे.

३१/
साधारण १४६० ते १५६० हे शतक पास्तेलचे. बोर्दोमार्गे माल इंग्लंड, फ्लँडर्स, स्पेनला जाई. अल्बीच्या जुन्या गल्ल्यांत रेनेस या पास्तेल-व्यापारी घराण्याचा वाडा अजून उभा आहे. विटेच्या गावात त्याने खिडक्यांना मुद्दाम दगडी चौकटी आणि कोरलेले मुखवटे बसवले. दगड बाहेरून आणावा लागे, म्हणजे तो दिसला की पैसा दिसला. कास्तानेने छळलेल्या वर्गाचे वारस आता बिशपच्या सावलीतच मिरवत होते.

३२/
१५६० नंतर हा डोलारा कोसळला. जास्त उत्पादन, भेसळ, फ्रान्समधली धार्मिक यादवी अशी कारणे होतीच. त्यांत भर पडली भारतीय निळीची. गुजरातेत अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ पोर्तुगीज जहाजांनी गोव्यामार्गे लिस्बनला नेऊ लागले. दोन्ही वनस्पतींतले रंगद्रव्य रासायनिक दृष्ट्या एकच, मात्र आपल्या निळीत ते कितीतरी पट अधिक. स्पर्धा कसली होणार! १६०९ मध्ये राजा हेन्री चौथा याने नीळ वापरणाऱ्यास मृत्युदंडाची धमकी देणारा हुकूम काढला. शतक सरण्याआधीच बंदी सैल करावी लागली.

३३/
आपला 'नीळ' हा शब्द अरबीतून पोर्तुगीजमध्ये 'अनिल' होऊन गेला आणि पुढे रसायनशास्त्रातल्या ॲनिलीनमध्ये शिरला. अल्बीच्या शेतकऱ्याचे पोट ज्या निळीने मारले, तिचा फ्रेंच पुरवठा अठराव्या शतकात सँ-दोमिंग बेटावरच्या गुलामांच्या मळ्यांतून होऊ लागला. आणि एकोणिसाव्या शतकात तीच नीळ बंगाल-बिहारच्या रयतेच्या मुळावर आली. चंपारण आपण सारे जाणतो. एका रंगाच्या इतिहासात खरेदीदार सोडून सुखी माणूस सापडणे कठीण आहे.

३४/
माझा तर्क असा, की जुनी वस्ती टिकली ती या मंदीमुळे. पैसा असता तर सतराव्या-अठराव्या शतकांत ही घरे पाडून नवी बांधली गेली असती. लाकडी सांगाड्यात विटा भरलेली, रस्त्यावर झुकलेली घरे आज छायाचित्रात गोंडस दिसतात. तेव्हा ती फक्त जुनी होती, आणि बदलायला कोणाकडे दाम नव्हता.

३५/
राज्यक्रांतीत कॅथीड्रलमधला कोरीव पडदाही जाणार होता. बाहेरच्या अंगाचे पुष्कळ पुतळे फुटलेच. उरलेले वाचले ते मारिएस नावाच्या एका अभियंत्याने वरपर्यंत लेखी विरोध केल्यामुळे. सरकारी कागदाने उद्ध्वस्त झालेली माणसे आपण वर पाहिली. हा एक सरकारी कागद उलट्या दिशेने उपयोगी पडला.

३६/
१९०५ मध्ये फ्रान्सने धर्म आणि शासन वेगळे केले. बेर्बी वाडा बिशपच्या हातून गेला. १९२२ मध्ये तिथे चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक याचे संग्रहालय उघडले. तो याच गावचा, १८६४ चा जन्म. आईवडील सख्ख्या मावसभावंडांच्या नात्यातले, हाडे जन्मतः ठिसूळ, पौगंडावस्थेत दोन्ही मांड्या मोडल्या आणि पायांची वाढ थांबली. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातले नाचघर, सर्कस आणि वेश्यावस्ती त्याने रंगवली. १९०१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आईने आणि मित्र मोरिस ज्वायाँ याने चित्रे अल्बीला दिली.

३७/
२०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती 'बिशपचे नगर' या नावाने. सातशे वर्षांच्या भांडणात नाव शेवटी बिशपचेच लागले.

३८/
कधी गेलात तर वाड्याच्या मागच्या गच्चीवर जा. खाली आखीव बाग, पलीकडे तार्न, उजवीकडे जुना पूल. मग आत येऊन 'र्यू दे मूलाँचे दालन' हे १८९४ चे चित्र पाहा. कुंटणखान्याच्या लाल मखमली कोचांवर बसलेल्या, गिऱ्हाइकाची वाट पाहत कंटाळलेल्या स्त्रिया आहेत. कोणी लाजत नाही, कोणी भुलवत नाही, कोणी काही कबूल करत नाही. ज्या वाड्यात १३०० च्या हिवाळ्यात कबुल्या उतरवल्या गेल्या, त्याच वाड्यात ते टांगलेले आहे.

३९/
पुढचा धागा सरखेजच्या निळीवर. देलिस्योच्या खटल्याविषयी प्रश्न असतील तर खाली विचारा, जमेल तसे उत्तर देईन.